शहाद्याला चार दिवस दुचाकी भाड्याने घेण्याबाबत

शहाद्याची भाची (प्रश्न)

नमस्कार. आम्ही मुंबईत राहतो आणि दिवाळीनंतर चार दिवस शहाद्याला मावशीकडे मुक्कामाला येणार आहोत. मी, यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई असे चौघे आहोत. रेल्वेने नंदुरबार आणि तेथून एसटीने शहादा, एवढे ठरले आहे. एक दिवस प्रकाशा, एक दिवस दरा गावाजवळचा उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आणि एक अख्खा दिवस तोरणमाळ असा बेत आहे. चारचाकी ठरवण्यापेक्षा दोन दुचाकी घेतल्या तर वाटेत हवे तेथे थांबता येईल, असे सगळ्यांचेच म्हणणे पडले.

मावशीच्या गल्लीतील एका गृहस्थांनी आपल्या घरच्या दोन गाड्या, म्हणजे १२५ सीसीची एक मोटारसायकल आणि एक स्कूटर, प्रत्येकी रोज पाचशे रुपयांनी देण्याची तयारी दाखवली आहे. विमा चालू आहे, पीयूसी आहे, असे ते सांगतात. घरपोच सोय होत असताना आणखी चौकशी कशाला, असे यजमानांचे मत आहे. मला मात्र पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेण्याबद्दल शंका वाटते. दुसरे असे की दिरांकडे फक्त गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना आहे. त्यांनी जाऊबाईंना मागे बसवून स्कूटरवर तोरणमाळचा घाट चढावा आणि उतरावा, हे कितपत योग्य ठरेल? जाणकारांनी कृपया सांगावे.

कागदपत्रे बघणारा

ताई, आपली शंका रास्त आहे. मी काही वर्षे विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम केले असल्याने त्या बाजूने लिहितो.

दुचाकी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची १९९७ ची स्वतंत्र योजना आहे. ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली येते आणि त्या योजनेत व्यवसाय करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. अशी गाडी ओळखायला सोपी असते, कारण तिची पाटी काळी आणि त्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी वापराची गाडी. तिच्या विम्याच्या पॉलिसीत गाडी कोणत्या कामासाठी वापरता येईल याचे एक कलम असते आणि भाडे किंवा मोबदला घेऊन दिलेली गाडी त्या कलमातून बाहेर पडते. म्हणजे गृहस्थ सांगतात त्याप्रमाणे विमा खरोखरच चालू असेल, परंतु आपण रोजचे पाचशे रुपये त्यांच्या हातावर ठेवले की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते. दुसऱ्या कोणाला इजा झाली तर प्रकरण आणखी वाढते. कंपनीने जखमीला भरपाई दिली तरी ती रक्कम पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल होऊ शकते आणि चांगुलपणाने गाडी देणारे मावशीचे शेजारीच त्यात अडकतात.

कोणी म्हणेल की पैसे न देता उसनी गाडी घ्यावी. मालकाच्या संमतीने आणि वैध परवाना असलेल्या माणसाने गाडी चालवली तर तो वापर खासगीच राहतो, त्यामुळे वरची अडचण बरीचशी टळते. मात्र एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पॉलिसीत मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालकाच्या नावाने असतो. उसनी गाडी चालवणारे आपले यजमान आणि मागे बसलेल्या आपण, दोघेही त्यात येत नाहीत. त्यासाठी आपला स्वतःचा अपघात विमा असलेला बरा.

दिरांनी मोटारसायकलला हातसुद्धा लावू नये. घाटात यजमान दमले म्हणून पाच मिनिटे गाड्यांची अदलाबदल केली आणि नेमके तेव्हाच काही घडले, तर परवाना त्या प्रकारच्या गाडीचा नाही एवढ्या एकाच मुद्द्यावर सगळे दावे अडतात.

लोणखेडा फाटा

वरील प्रतिसाद कायद्याने बरोबरच आहे, परंतु शहाद्यात ही पद्धत कशी चालते तेही सांगायला हवे. आमच्याकडे दुचाकी ओळखीवर मिळते. सोयरा आला की किल्ली पुढे करायची, ही रीत आहे. पाहुणे मुंबईचे आहेत हे कळल्यावरच पाचशेचा आकडा निघाला असावा, असे मला वाटते (गृहस्थ माझ्या ओळखीचे निघाले तर क्षमस्व). मावशींनी सरळ विचारावे की गाडी भाचीला म्हणून द्या आणि पेट्रोल भरून परत घ्या. आमच्या भागात याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. मात्र मागून पाकीट सरकवून उसनवारीचे नाटक करू नये, कारण मग ते भाडेच झाले.

आता रस्त्याबद्दल. शहाद्याहून तोरणमाळ पन्नास ते पंचावन्न किलोमीटर पडते. लोणखेडा, म्हसावद, राणीपूर असा रस्ता आहे आणि राणीपूरपर्यंत जवळजवळ सपाटी आहे. दोन्ही बाजूंना केळी, पपई आणि ऊस असल्याने या टप्प्यात गाडी आपोआप पळू लागते आणि माझ्या मते खरा धोका घाटापेक्षा येथेच आहे. आपण येणार तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असेल किंवा तोंडावर आलेला असेल. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो आणि मागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो. अंधार पडल्यावर समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपतात आणि ती ट्रॉली थेट अंगावर आल्यावरच दिसते. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तोरणमाळहून दुपारी तीनलाच निघावे आणि उजेड असताना म्हसावद ओलांडावे. यशवंत तलाव आणि सीताखाई बघायला सकाळचा वेळ पुरतो. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्यावे आणि वर मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नये.

प्रकाशाचा रस्ता सपाट आणि जवळचा आहे, तेथे स्कूटर उत्तम. तापी-गोमाईच्या संगमावर सकाळी लवकर गेलात तर ऊनही लागणार नाही.

जुने गॅरेज

मी तीस वर्षे दुचाकी दुरुस्त करतो आहे, म्हणून स्कूटरच्या प्रश्नापुरते लिहितो.

दोन माणसे घेऊन स्कूटर घाट चढते. इंजिन तापेल, वेग पडेल, पण चढेल. प्रश्न उतरण्याचा आहे. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकला अधूनमधूनच काम पडते. स्कूटरला गिअर पाडण्याची सोय नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की आतला क्लच सुटतो, इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो आणि दोन माणसांसकट गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) तापते, ड्रम फुगतो आणि लिव्हर हळूहळू मुठीच्या जवळ येऊ लागते. शेवटी ती मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाही. मागे एकदा राणीपूरजवळ एक जोडपे रस्त्याच्या कडेला उभे होते. जळक्या लायनरचा वास दुरूनच येत होता. मी बाटलीतले दोन थेंब ड्रमवर टाकले, तर तव्यावर पडल्यासारखे चर्रकन उडून गेले. त्यांना अर्धा तास बसवून ठेवले, नंतर लिव्हर पुन्हा जागेवर आली. घाई झाली म्हणून तापलेल्या ड्रमवर बाटली उपडी करू नये, त्याने ड्रमला तडा जाऊ शकतो.

आणखी एक. १ एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. एकत्र ब्रेकाच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. ज्याला जुन्या गाडीची सवय आहे त्याने वळणावर खडी पसरलेली असताना हे लक्षात ठेवावे आणि ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारून घ्यावा. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे अनुकरण करू नये.

गाडी ताब्यात घेताना मी काय बघतो तेवढे सांगतो. ती मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते घासत असेल तर ब्रेक आधीच जास्त आवळलेला आहे असे समजावे. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारा छोटा उंचवटा असतो, रबर झिजून त्याच्या बरोबरीला आले असेल तर ती गाडी घाटात नेऊ नये. चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघावी. मग गल्लीतच एक चक्कर मारून आधी एकटा पुढचा आणि मग एकटा मागचा ब्रेक लावून बघावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

एकदा फसलेला

थोडे वेगळे लिहितो, कारण काळ्या पाटीची गाडी घेतली म्हणजे सगळी काळजी मिटली असा समज होऊ नये. आम्ही हिमालयाच्या पायथ्याच्या एका गावात रीतसर दुकानातून मोटारसायकल घेतली होती आणि अनामत म्हणून दोन हजार रुपये दिले होते. परत करताना दुकानदाराने सायलेन्सरवरचा ओरखडा दाखवून पूर्ण अनामत ठेवून घेतली. ओरखडा आधीचाच होता, परंतु ते सिद्ध करायला आमच्याजवळ काही नव्हते. तेव्हापासून गाडी घेताना दुकानदारासमोरच तिच्याभोवती फिरून व्हिडिओ काढतो आणि किलोमीटरचा आकडा त्यात येईल असे बघतो. मूळ आधार कार्ड किंवा मूळ परवाना कोणाकडेही ठेवू नये. हेल्मेट दोन मागावीत, मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने बंधनकारक आहे. भाड्याची हेल्मेटे बहुधा सैल असतात, त्यामुळे आपण घरूनच आणलीत तर उत्तम.

शहाद्याची भाची

सर्वांचे मनापासून आभार. काल मावशीशी बोलले. तिने शेजाऱ्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले की पैशांचे मुलाने ठरवले होते, मला ठाऊकही नव्हते. गाड्या नुसत्या वापरायला देतो, पेट्रोल तेवढे बघा. यजमानांना पंधरा लाखांचा मुद्दा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या अपघात विम्याचे कागद शोधायला घेतले.

आता प्रकाशा आणि उनपदेव दोन गाड्यांवर, आणि तोरणमाळला चौघेही शहादा आगाराच्या एसटीने, असे ठरवले आहे. दीर थोडे हिरमुसले आहेत. हेल्मेटे चार घेऊन येत आहोत, रेल्वेत ती ठेवायची कुठे हा प्रश्न जाऊबाईंनी आत्ताच काढला आहे. जुने गॅरेज यांना एवढेच विचारायचे आहे, की स्कूटर महिनाभर वापरात नव्हती असे कळले, तर बाहेर काढण्यापूर्वी काय करून घ्यावे?

जुने गॅरेज

हवा आधी भरून घ्या, महिन्यात ती नक्की कमी झालेली असते. बटणाने सुरू झाली नाही तर बॅटरी उतरली आहे असे समजा आणि किक असल्यास किकने सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालवा. मागच्या चाकाला पहिल्या दोन-तीन ब्रेकांना कर्र आवाज येईल, तो ड्रममधल्या गंजाचा असतो आणि थोड्या वेळाने जातो. गेला नाही तर चाक खोलून साफ करून घ्या.