मदत हवी आहे : बरबन नेमकी कोणत्या राज्यात गाळली, हे कसे शोधावे?

माझ्याकडील एका स्ट्रेट बरबनच्या (मुख्यतः मक्यापासूनची, किमान दोन वर्षे मुरवलेली अमेरिकी व्हिस्की) बाटलीवर बाटलीबंद करणाऱ्या कंपनीचा अमेरिकेच्या केंटकी राज्यातील पत्ता आहे. मात्र ती कोणी आणि कुठे गाळली, याचा उल्लेख कोणत्याही बाजूला नाही. बरबन अमेरिकेत कुठेही गाळता येते आणि इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्गच्या एमजीपी या घाऊक व्हिस्की गाळणाऱ्या कंपनीकडून अनेक ब्रँड तयार व्हिस्की विकत घेतात, यात गैर काही नाही. पण घराण्याच्या जुन्या कृतीची कथा छापून मूळ झाकणे ही मला ग्राहकाची फसवणूकच वाटते. (केंटकीतही एक लॉरेन्सबर्ग आहे, त्यामुळे नुसत्या गावाच्या नावाने उलगडा होत नाही.)

अमेरिकी नियमानुसार व्हिस्की पत्त्यातील राज्यात गाळलेली नसेल, तर गाळल्याचे राज्य लेबलवर द्यावे लागते. ते नाही, म्हणजे केंटकीच समजावी. पण मग विक्रीला इतके उपयोगी असलेले ‘केंटकी स्ट्रेट बरबन’ हे शब्द का टाळले असावेत? बाटली ‘बॉटल्ड इन बाँड’ प्रकारची (ज्यात गाळणाऱ्या डिस्टिलरीची ओळख लेबलवर देणे बंधनकारक असते) नसल्याने गाळणाऱ्या डिस्टिलरीचा क्रमांकही त्यावर नाही. टीटीबीच्या (मद्याची लेबले मंजूर करणारी अमेरिकी सरकारी संस्था) सार्वजनिक नोंदणीतील मंजूर लेबल पाहिले, तिथेही तेवढाच मजकूर आहे. कंपनीने गोपनीयतेचे कारण देऊन माहिती नाकारली.

चवीवरून केलेला अंदाज मला नको, कागदोपत्री आधार हवा आहे. गाळल्याचे राज्य सिद्ध करणारी आणखी एखादी सार्वजनिक नोंद सामान्य ग्राहकाला पाहता येते का, आणि लेबलवर राज्य नसल्याची तक्रार टीटीबीकडे करायची असेल, तर सोबत कोणता पुरावा जोडावा?