स्वयंपाकघर नवं करताना: तुमचे अनुभव लिहा

आमचं कोथरूडचं घर 1996 सालचं. काळ्या कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच कप्पे, भिंतीवर दोन फूट पांढऱ्या टाइल्स आणि स्टीलची मांडणी. ओट्याच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या कप्प्यातल्या पिठाच्या डब्याला बुडाशी गंज धरलाय. दिवाळीच्या आत सगळं बदलायचं ठरवलंय. मोबाइलवर फोटो बघून बघून डोळे दमले. सगळीकडे पांढरी कपाटं, पांढरा ओटा, वर एक रोप. कुकर कुठे नाही, तेलाची बरणी कुठे नाही. म्हणून ज्यांच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो त्यांनाच विचारते. काय केलंत, काय चुकलं, आज कशाचा उपयोग होतोय? मनापासून आणि सविस्तर लिहा. सासूबाई आणि मी, दोघीही ओट्याशी असतो.

डोंबिवलीहून

ताई, रंग नंतर बघा, आधी ओट्याची उंची ठरवा. माझी उंची 4 फूट 11 इंच. जुना ओटा 31 इंचांचा होता. नवा करताना 'हल्ली सगळे 34 चाच करतात' असं सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. दिसतो सुंदर, पण कणीक मळताना खांदे कानापर्यंत येतात. सहा महिन्यांत उजवा खांदा धरला. आता परात जेवणाच्या टेबलावर नेऊन मळते. लाखभर रुपये घातले आणि कणीक बाहेरच्या खोलीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नंतर शिकले ते सांगते. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं आणि तिथून साधारण 4 इंच खाली मोजायचं, ती चिरण्या-निवडण्याची उंची. मळायला त्याहूनही खाली लागतं. सिंकमध्ये हात तळापर्यंत जातात, म्हणून त्याची कड थोडी वर असली तर कमरेला बरं. इस्त्रीचं टेबल वरखाली करून त्यावर परात ठेवून बघा, मिस्त्री यायच्या आधी.

सांगलीहून

वरच्या ताईंना अगदी दुजोरा. आमच्याकडे रोज ज्वारीच्या भाकरी. मी मुख्य ओटा 33 इंच ठेवला आणि खिडकीखाली अडीच फूट लांबीचा, 28 इंच उंचीचा वेगळा कट्टा करून घेतला. भाकरी थापताना तळव्याचा जोर वरून खाली पडायला हवा, ते उंच ओट्यावर होत नाही. सुतार म्हणाला, पायरी दिसेल, बरं दिसणार नाही. दिसू दे म्हटलं. आता घरी येणारी प्रत्येक बाई आधी त्या कट्ट्यालाच हात लावून बघते.

रत्नागिरीहून

कोकणातल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. प्लायवुड 'वॉटरप्रूफ आहे' या तोंडी शब्दावर घेऊ नका. आमच्याकडे मे महिन्यात काम झालं आणि श्रावणात सिंकखालच्या कपाटाचं दार मिटेना. तळाची कड पावासारखी फुगली होती. सुट्टा तुकडा बादलीत टाकला तर दोन दिवसांत थर सुटले. मग कळलं की मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या, शीटवर आयएस 710 असा भारतीय मानकाचा शिक्का असतो. आयएस 303 हे साध्या प्लायचं मानक, त्यातला एमआर प्रकार म्हणजे नुसता दमट हवेपुरता. सिंकखाली तो चालत नाही. शिक्का स्वतः बघा आणि शीट कापण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसऱ्यांदा करताना आम्ही सिंकखाली लाकूड ठेवलंच नाही. कडप्प्याच्या उभ्या फळ्या, स्टीलच्या ट्रॉल्या आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं. खालची पट्टी काढता येते, त्यामुळे आत झाडू फिरतो.

बायकोची हौस म्हणून संगमरवरी ओट्याचा विचार होता. दुकानातून आणलेल्या तुकड्यावर तिने आगळाचे, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाचे, चार थेंब टाकले आणि तासाभराने पुसले. तिथली चकाकी गेली ती गेलीच. आमच्या घरात कोकम आणि लिंबू रोजचं, म्हणून ग्रॅनाइट घेतला. आजीच्या वेळचा लाल कोबा मात्र काढला नाही. चुलीच्या जागी, जिथे आजीचा पाट असायचा, तिथे तो जरा खोलगट झालाय.

न्यू जर्सीहून

इथल्या घरात शेगडीवर मायक्रोवेव्ह आणि त्यालाच पंखा होता. तो हवा गाळून पुन्हा घरातच सोडायचा. हिंग-मोहरीची फोडणी मुलांच्या कोटांच्या कपाटापर्यंत जायची आणि थंडीत खिडकीही उघडता येत नाही. नूतनीकरणात सगळ्यात जास्त पैसे मी धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर घातले. पाइप रुंद आणि वळणं कमीत कमी, एवढं सांभाळा. बाकी सजावट त्यामुळे साधी राहिली, पण आता थालीपीठ लावताना मी दार लावून घेत नाही.

पांढऱ्या क्वार्ट्झच्या (कारखान्यात बनवलेल्या दगडाच्या) ओट्यावर हळद सांडली तर घाबरू नका. खिडकीजवळचा डाग माझ्याकडे उन्हाने चारेक दिवसांत फिकट होऊन गेला. कोपऱ्यातला मात्र अजून आहे. गरम कढई थेट ठेवू नका, त्यात राळ असते.

नाशिकहून

आमचं घर भाड्याचं, तोडफोड करता येत नाही. दिवा छताच्या मधोमध, त्यामुळे चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडायची. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी लावली आणि भिंतींना फिकट पिस्ता रंग दिला. एवढ्यानेच घर वेगळं वाटतं.

नागपूरहून

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आईचं वय 78. तिला वाकायला लागू नये म्हणून मीच हौसेने सगळं नवं केलं. हळूच मिटणाऱ्या ट्रॉल्या, बटणाचं सिंक, सगळं. पहिल्या आठवड्यात ती चहा करायचीच बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "काही सापडत नाही रे, परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं." तिचा हात चाळीस वर्षं न बघता उजवीकडे जायचा, तिथे मिसळणाचा डबा असायचा. मी तो खालच्या ट्रॉलीत नेऊन ठेवला होता.

मग सुताराला परत बोलावलं. शेगडीच्या उजवीकडे, जुन्याच उंचीवर, नऊ इंचांची उघडी फळी लावली. डबा, चहा-साखर आणि तिची सांडशी तिथे आली. देवघरही पुन्हा पूर्वेच्या कोपऱ्यात आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचा आवाज आला आणि मी अंथरुणातच पडून ऐकत राहिलो. तुमच्या सासूबाईंना आधी विचारा, त्यांचा हात कुठे जातो ते.

पुन्हा कोथरूडहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी इस्त्रीचं टेबल लावलं. मला 33 इंच बरं वाटलं, सासूबाईंना 30. त्यांना डोळे मिटून मीठ घ्यायला सांगितलं तर हात थेट खिडकीच्या कठड्यावर गेला, तिथे त्यांची चिनी मातीची बरणी असते. तो कठडा मी तोडायला सांगितला होता, आज फोन करून थांबवला. जुन्या कडप्प्याचा न तडकलेला मोठा तुकडा आहे, त्याचा 28 इंची कट्टा त्याच खिडकीखाली होईल का, हे रविवारी गवंडीमामांना विचारणार आहे. प्लायचा शिक्का सासरे स्वतः बघणार म्हणालेत.