मदत हवी आहे: इळयराजांचं पार्श्वसंगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी?

सांजवात

नमस्कार मंडळी,

तमिळ संगीतकार इळयराजांची गाणी नकोत, पार्श्वसंगीत हवंय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत 'सुरमई अखियों में'ची लिंक येणार. ते पाठ आहे. 'ऐ ज़िंदगी गले लगा ले'ही पाठ आहे (आपल्या सुरेश वाडकरांचं म्हणून जरा जास्तच). 'चीनी कम' आणि 'पा'ची पारायणं झालीत. पण मध्यंतरी 'सदमा' पुन्हा पाहिला आणि शेवटच्या स्टेशनच्या प्रसंगात लक्ष कमल हासनपेक्षा मागे जे वाजतंय त्याच्याकडे जात राहिलं. आता ते नीट ऐकायचंय.

आणि इथेच गाडी अडलीय. १९७६च्या 'अन्नक्किळी'पासून आजपर्यंत हजाराहून जास्त चित्रपट! कुठेही शोधलं की गाण्यांच्या याद्या समोर येतात. पार्श्वसंगीताचे वेगळे अल्बम जवळजवळ मिळतच नाहीत. तूनळीवर (यूट्यूबवर) लोकांनी दोन-दोन मिनिटांचे तुकडे कापून टाकलेत, त्यांची नावं तमिळमध्ये, प्रसंग कुठला ते कळायला मार्ग नाही.

माझ्याबद्दल थोडं: तमिळ अजिबात येत नाही, इंग्रजी सबटायटल्स चालतील. हिंदुस्थानी गाणं थोडं शिकले आहे, पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. हेडफोन बरे आहेत. शनिवार-रविवारी एखादा चित्रपट सहज होईल. मारधाड कमी असेल तर उत्तम.

तुकडे ऐकून भागेल का, की चित्रपटच बघायला हवेत? आणि आधी कुठला, मग कुठला? 'सर्वोत्तम ५०' छाप यादी कृपया नको. चार-पाचच नावं द्या, पण त्यात कान कुठे ठेवायचा ते सांगा.

टपरीवरचा चहा

'सुरमई'ची लिंक चिकटवणारच होतो, तेवढ्यात पहिली ओळ वाचली. आता गप्प बसतो. वाचनखूण साठवली आहे, मलाही हवंच होतं हे.

मद्रासकर

चेन्नईत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं जमणार नाही. इथे कुणी त्यांना पूर्ण नावानं हाक मारत नाही, 'राजा सर' म्हणतात.

तुकड्यांनी भागणार नाही. त्यांची कामाची रीतच तशी आहे. रीळ बघायचं, आणि कुठल्याही वाद्याला हात न लावता थेट कागदावर प्रत्येक वाद्याची स्वरलिपी लिहायला बसायचं. नकलनवीस ती वादकांसाठी उतरवून काढणार आणि बहुतेकदा त्याच दिवशी ध्वनिमुद्रण. प्रसाद स्टुडिओत कित्येक वर्षं हेच चाललं. म्हणजे ते संगीत त्या प्रसंगाच्या मापानं बेतून शिवलेलं असतं. कापून वेगळं काढलं की कानाला गोड लागतं, पण ते तिथेच का थांबलं हे कळत नाही.

सुरुवात डोळे मिटून 'मौन रागम' (१९८६) पासून करा. दिग्दर्शन मणिरत्नम, कॅमेरा पी. सी. श्रीराम. मारधाड नावापुरती. मनाविरुद्ध लग्न होऊन दिल्लीला आलेली दिव्या (रेवती), आणि समजूतदार, अबोल नवरा (मोहन). तो विचारतो, तुला भेट काय हवी? ती म्हणते, घटस्फोट. हा चित्रपट पहिला सुचवायचं कारण म्हणजे यातली माणसं मनातलं बोलत नाहीत, ते काम संगीतावर सोपवलेलं आहे. दिव्याच्या पूर्वायुष्यात कार्तिक येतो तो स्वतःची धून घेऊनच येतो. उनाड, उसळती. त्याचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण त्यानंतर संगीत कसं वागतं ते बघा. आणि परकं वाटू नये म्हणून एक आधार: यातल्या 'मंड्रम वंद' गाण्याचीच चाल पुढे 'चीनी कम'चं शीर्षकगीत झाली. तुमची पारायणं फुकट जाणार नाहीत.

त्यानंतर 'दळपती' (१९९१). कर्णाची गोष्ट आजच्या काळात आणलीय, मारधाड आहे, पण चालवून घ्या. सुरुवात कृष्णधवल: एक कोवळी पोर आपलं बाळ मालगाडीत सोडून देते. तेव्हापासून आगगाडीची शिट्टी आणि 'चिन्न तायवळ' या गाण्याची चाल, या दोन गोष्टी आई आणि मुलगा एकमेकांना ओळखत नसतानाही त्यांना बांधून ठेवतात. नायक (रजनीकांत) आईबद्दल चकार शब्द काढत नाही तिथेही ती चाल येते. एकच धून अख्खा चित्रपट कशी पेलते हे शिकायला याहून सोपा धडा नाही. मणिरत्नमबरोबरचा हा त्यांचा शेवटचा चित्रपट. पुढच्याच वर्षी 'रोजा' आला आणि रहमान आले.

'नायकन' (१९८७) यादीत हवाच, विशेषतः आपल्याला, कारण गोष्ट मुंबईची, धारावीची. (धारावीचा तो सेट मात्र कलादिग्दर्शक तोट्टा तरणींनी मद्रासमध्ये उभा केला होता.) पण रक्त बरंच आहे, म्हणून नंतर बघा. आणि 'दयावान' पाहिलाय म्हणून 'नायकन' पाहिल्यासारखाच, असं कृपा करून समजू नका. तिथे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. चांगलं आहे, पण तो प्रांत वेगळा. 'तेन्पांडी चीमैयिले' ही चाल 'नायकन'मध्ये कधी गाणं होते, कधी नुसती गुणगुण, आणि नायक वेलू म्हातारा होत जातो तसा तिचा अर्थ जड होत जातो.

बेसुरकर

मद्रासकरांशी आदरपूर्वक असहमत. राजा म्हटलं की सगळे मणिरत्नमपाशीच का थांबतात कळत नाही. त्याच्या आधी महेंद्रन झाले.

'मुळ्ळुम मलरुम' (१९७८), 'उदिरिपूक्कळ' (१९७९), 'जॉनी' (१९८०). महेंद्रन पटकथा-संवाद लिहीत दिग्दर्शनात आले आणि त्यांनाच बडबडे चित्रपट नकोसे होते. पात्रं कमी बोलतात, त्यामुळे संगीताला मोकळं आवार मिळतं. मणिरत्नमच्या चित्रपटात चित्रच इतकं देखणं असतं की नवखा माणूस संगीत ऐकायचंच विसरतो. 'उदिरिपूक्कळ'मध्ये एक साधं गाव, नदी, दोन लहान मुलं, आणि बायकोचा छळ करणारा त्यांचा बाप. शेवटी सगळं गाव त्याला नदीवर नेतं आणि तो म्हणतो की मी आयुष्यात बरंच वाईट केलं, पण सगळ्यात वाईट म्हणजे आज तुम्हा सगळ्यांना माझ्यासारखं केलं. तिथवरचा अर्धा तास हेडफोन लावूनच बघा.

सांजवातताई, मारधाड नको म्हणालात ना? मग हाच आधी.

टपरीवरचा चहा

अहो बेसुरकर, शेवट सांगितलात की राव!

बेसुरकर

चाळीस वर्षं उलटून गेलेल्या चित्रपटाला कसला स्पॉयलर. आणि शेवट माहीत असूनही पोटात गोळा येतो की नाही ते बघून सांगा.

सांजवात

दोघांचेही आभार. चित्रपटच बघायला हवेत हे पटलं. आता एक बाळबोध शंका. हिंदुस्थानी बैठकीची सवय असल्यामुळे मी आपोआप वरची चाल धरते आणि बाकीचं 'साथ' म्हणून सोडून देते. 'सदमा' बघतानाही तेच होतं. व्हायोलिनं वाजतायत एवढं कळतं, पण आत काय चाललंय ते पकडता येत नाही. यावर काही उपाय?

काळीपांढरीपट्टी

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या पेठेतला आहे.

उपाय: वरची चाल सोडून तळाशी जा. आपल्या कानाला एक चाल आणि तिच्याखाली ठेका, एवढंच ठाऊक असतं. राजांकडे एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र चाली चालू असतात आणि प्रत्येकीला स्वतःचं म्हणणं असतं. सगळ्यात सहज पकडता येते ती बेस गिटार. ती त्यांच्याकडे नुसती ठोके मोजत नाही, खाली बसून स्वतःचं गाणं गात असते. एखादा तीन-चार मिनिटांचा प्रसंग घ्या. एकदा नेहमीसारखा बघा. मग डोळे मिटून फक्त सगळ्यात खालचा आवाज गुणगुणायचा प्रयत्न करा, बाकी काही नाही. गुणगुणता आला की पुन्हा वरची चाल ऐका, ती आधी ऐकलीत तशी राहणार नाही. फोनच्या स्पीकरवर हे होणार नाही, बेस तिथे ऐकूच येत नाही.

माझी सूचना बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. चित्रपटाच्या आधी 'हाउ टू नेम इट?' (१९८६) हा अल्बम ऐका. चित्रपटाचा नाही, स्वतंत्र वाद्यसंगीत आहे, कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि पाश्चात्त्य संगीतातले बाख या दोघांना वाहिलेलं. प्रमुख व्हायोलिन व्ही. एस. नरसिंहन यांचं. तुम्ही शिकलेल्या कानानं राग ओळखाल आणि त्याच वेळी खाली पाश्चात्त्य बांधणी चाललेली दिसेल. 'आय मेट बाख इन माय हाउस' मध्ये बाखचं व्हायोलिनसाठीचं एक प्रील्यूड (सुरुवातीची छोटी रचना) धावत असतं आणि राजांची चाल त्याला येऊन भेटते. आधी एकाच्या मागे जा, मग दुसऱ्याच्या. (हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीचा 'नथिंग बट विंड' १९८८चा. तोही सुंदर, पण पहिला धडा नव्हे.)

आता खरी गंमत. अल्बम कानात मुरला की दिग्दर्शक बालू महेंद्र यांचा 'वीडु' (१९८८) बघा. मध्यमवर्गीय नोकरदार मुलगी मद्रासमध्ये स्वतःचं घर बांधायला काढते, एवढीच गोष्ट. एकही गाणं नाही, मारामारी नाही. त्याचं पार्श्वसंगीत म्हणून बालू महेंद्र यांनी 'हाउ टू नेम इट?'मधलंच संगीत वापरलंय. म्हणजे तुम्ही आधी नुसतं ऐकलेलं संगीत अर्धवट भिंती, सिमेंट आणि लाचखोर कारकून यांच्या मागे वाजायला लागतं. मद्रासकर म्हणतात त्या 'बेतून शिवलेल्या' संगीताच्या अगदी उलट प्रकार. दोन्ही पाठोपाठ अनुभवलंत की तुकडे ऐकावेत की चित्रपट बघावा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हीच द्याल.

मद्रासकर

काळीपांढरीपट्टी, दंडवत घ्या. 'वीडु' माझ्या डोक्यातच आला नव्हता.

निवांत_पुणेकर

'हे राम' (२०००) राहिला की. हिंदीतही आहे, भाषेची कटकट नाही. शिवाय आपले अतुल कुलकर्णी, श्रीराम अभ्यंकरच्या भूमिकेत, राष्ट्रीय पुरस्कारासकट. त्याची कथा मोठी मजेदार आहे. गाणी आधी व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्या चालींवर चित्रित झाली होती, पुढे ते बाजूला झाले, आणि राजांनी चित्रित झालेल्या दृश्यांतल्या ओठांच्या हालचालींवर नव्या चाली बसवल्या. वाद्यवृंद बुडापेस्टचा. फक्त कलकत्त्याच्या दंगलीची दृश्यं फार अंगावर येतात, सांजवात यांनी बेतानं घ्यावं.

उगाचच

अवांतर: हे सगळं वाचून 'सैराट'चा वाद्यवृंद आठवला. अजय-अतुल यांनी तो लॉस एंजेलिसला जाऊन वाजवून घेतला होता ना? त्यांचं राजाप्रेमही जगजाहीर आहे. तिथला मोठा वाद्यवृंद ऐकून मगच इकडे यावं असं नाही का वाटत?

बेसुरकर

नाही वाटत. शिष्यावरून गुरूकडे जायचं असेल तर जा, पण मग प्रत्येक ठिकाणी 'हे त्यांच्यासारखं वाटतंय' एवढंच ऐकू येईल. वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

सांजवात

किती छान प्रतिसाद! 'मौन रागम' पाहून झाला. बेसुरकर, रागावू नका, तो आधी मिळाला. कार्तिकची धून दुसऱ्या वेळी पडद्याकडे न बघताही ओळखू आली. आणि बेसचा उपाय लागू पडतोय. खालची चाल धरायला लागल्यापासून नवरा विचारतोय की तू सारखी घोगऱ्या आवाजात काय गुणगुणतेस.

आता अल्बम चालू आहे, मग 'वीडु', 'उदिरिपूक्कळ', 'दळपती' या क्रमानं जाईन. 'हे राम' धीर गोळा करून. एकच विचारायचं राहिलं: हे सगळं ७०-८०-९०च्या दशकांतलं. अलीकडच्या कामात ऐकण्यासारखं काय?

मद्रासकर

आहे की. राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार २००९च्या चित्रपटांपासून पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो त्यांनाच मिळाला, मल्याळम 'पळश्शिराजा'साठी. नंतर 'तारै तप्पट्टै'लाही. मार्च २०२५ मध्ये लंडनला रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं त्यांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी वाजवली, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते.

पण मी तुम्हाला दिग्दर्शक मिष्किनचा 'ओनायुम आट्टुकुट्टियुम' (२०१३) सुचवेन. गाणं एकही नाही, जवळपास सगळी गोष्ट रात्रीची. एका वैद्यकीय विद्यार्थ्याला रस्त्यात जखमी माणूस सापडतो, तो त्याला घरी आणून स्वतःच शस्त्रक्रिया करतो, आणि तिथून पाठलाग सुरू. संवाद अगदी मोजके. शेवटाकडे दिग्दर्शक स्वतःच, कट न करता, एका लांडग्याची गोष्ट सांगतो. मारधाड भरपूर आहे, आधीच बजावतो. पण यादीतले बाकीचे संपल्यावर बघा आणि बेस कुठे येतो, कुठे गायब होतो, ते इथे येऊन लिहा. बेसुरकर वाद घालायला हजर असतीलच.

बेसुरकर

असणारच. पण आधी 'जॉनी'.