क्रिकेटवेड्या मित्राला रिग्ली फील्डला न्यायचंय, एका दिवसाचा प्लॅन बघून सांगा

कब्सवेडा_नेपरव्हिल

मंडळी, माझा कॉलेजचा रूममेट कंपनीच्या कामासाठी शिकागोत येतोय आणि त्याच्याकडे एकच शुक्रवार मोकळा आहे, शनिवारी पहाटे फ्लाइट. मी कब्सचा, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल टीमचा, किती पक्का आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये, त्यामुळे रिग्लीला, म्हणजे त्यांच्या स्टेडियमला, न्यायचं हे ठरलेलंय, त्यावर चर्चा नको प्लीज. आपल्याकडे शुक्रवारची मॅच सहसा दुपारी 1:20 ला असते, तर तिच्या आजूबाजूला दिवस कसा बसवायचा एवढंच विचारतोय.

मित्र म्हणजे रणजीचे स्कोअरसुद्धा बघणारा माणूस. बेसबॉलबद्दल त्याचं ठाम मत आहे की हा फुलटॉस मारायचा खेळ आणि तोही यांना धड मारता येत नाही. (हे फोनवर ऐकून मी दोन मिनिटं गप्प होतो.)

प्लॅन असा: सकाळी मेट्राने (लोकल ट्रेन) युनियन स्टेशन, मिलेनियम पार्क, तिथल्या बीनपाशी (आरशासारखं चकचकीत शिल्प) फोटो, मग नदीवरची आर्किटेक्चरवाली बोट टूर, तिथून रेड लाइन मेट्रोने ॲडिसन स्टेशन, मॅच, मॅच झाल्यावर नेव्ही पिअर, मग डेव्हॉनला, देशी हॉटेलांच्या रस्त्यावर, जेवण आणि शेवटच्या ट्रेनने घरी. आता प्रश्न. ब्लीचर्समध्ये (भिंतीमागची उघडी बाकं) बसवू की सावलीतली तिकिटं काढू, दुसरं म्हणजे नियम आधी शिकवून ठेवू का, मी काही व्हिडिओ काढून ठेवलेत पाठवायला, आणि तिसरं, तो शाकाहारी आहे.

डगआऊटवाला

अहो हा एका दिवसाचा प्लॅन आहे की कंडक्टेड टूर! बोट आणि नेव्ही पिअर दोन्ही उडवा. बोट टूर दीड तासाची, त्यात रांग, मग 1:20 ला तुम्ही पोचणार घामाघूम, नवातली पहिली इनिंग गेलेली, आणि मित्र आधीच दमलेला. बीन बघा, अर्धा तास फिरा आणि अकराच्या सुमारास सरळ ॲडिसनला उतरा. मॅचच्या आधी स्टेडियमच्या बाहेर जे चालतं ते बघायलाच खरा वेळ ठेवा.

म्हणजे काय तर स्टेडियमशेजारच्या गॅलाघर वे मध्ये कब्सच्या जुन्या खेळाडूंचे पुतळे आहेत, अर्नी बँक्स, बिली विल्यम्स, रॉन सँटो, फर्गी जेन्किन्स, आणि 2024 पासून राइन सँडबर्ग पण. तिथून स्टेडियमला वळसा घालत वेव्हलँड ॲव्हेन्यूवर या, लेफ्ट फील्डच्या भिंतीमागचा रस्ता तो, तिथे ग्लोव्ह घालून रस्त्यावर उभे असलेले लोक दिसतील, होम रन, म्हणजे इथला सिक्सर, भिंतीवरून बाहेर आला की पकडायला. तिकीट न काढता मॅचला येणारी ही जमात बघून तुमच्या मित्राला पहिल्यांदा वाटेल की या खेळात काहीतरी आहे बुवा. समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवरची बाकं पण दाखवा, तिथे बसून मॅच बघायची तिकिटं विकतात.

सीटचं म्हणाल तर ब्लीचर्समध्ये मजा आहे पण तिथे सावली नाही, आणि नंबरची सीट नाही, आधी येईल तो बसेल. पहिल्यांदा येणाऱ्याला भर दुपारी तिथे शेकत ठेवू नका. तिसऱ्या बेसच्या (पळताना गाठायच्या टप्प्यांतला तिसरा) बाजूला 200 च्या सेक्शनमध्ये घ्या, दुपारी ऊन त्या स्टँडच्या मागून येतं म्हणून सावली लवकर मिळते. फक्त एक, मागच्या रांगा नकोत, वरचा मजला पेलणारे खांब आहेत आणि एखादा नेमका पिचरच्या (इथला बॉलर) समोर आला की पूर्ण मॅच मान वाकडी. तिकीट घेताना सीटवरून दिसणारा फोटो बघूनच घ्या.

बळंच_आलेली

मी तुमच्या मित्राच्या जागी होते म्हणून लिहितेय. मला नवऱ्याने असंच नेलं होतं आणि पहिल्या पिचपासून त्याची जी कॉमेंट्री सुरू झाली ती थांबेचना, हा स्लायडर, तो चेंजअप, आता बघ शिफ्ट होईल वगैरे, तिसऱ्या इनिंगला मी म्हटलं मी पाणी आणायला जाते आणि मुद्दाम मोठ्या रांगेत उभी राहिले. तर ते व्हिडिओ पाठवू नका प्लीज. कोणी बघत नाही, आणि बघितले तर गोंधळ वाढतो.

त्यापेक्षा त्याच्या हातात स्कोअरकार्ड आणि पेन्सिल द्या. रणजीचे स्कोअर बघणारा माणूस आहे ना, मग तो त्यातच अडकणार बघा. फील्डिंगच्या प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर 1, कॅचर (विकेटकीपरसारखा) 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, मग लेफ्ट, सेंटर, राइट 7-8-9. शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर आणि दोघं आऊट, की लिहायचं 6-4-3. स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक, म्हणजे चुकलेले किंवा सोडलेले चांगले बॉल, की बॅटर आऊट) झाला की K, आणि बॅटरने बॅट हलवलीच नाही नि नुसता बघत राहिला तर तोच K उलटा. मला या उलट्या K नेच धरून ठेवलं, का कोण जाणे, पण तो काढायला मिळावा म्हणून मी दुसऱ्या टीमच्या बॅटरवर डोळे लावून बसायला लागले. आता घरात स्कोअर मीच लिहिते आणि नवरा विचारतो मघाशी काय झालं.

खाण्याचं, खारे शेंगदाणे, प्रेट्झेल, नाचो, पॉपकॉर्न एवढं तर कुठेही मिळतं. बाहेरचं काय आणि किती नेता येतं ते टीमच्या साइटवर आदल्या दिवशी बघून घ्या आणि चालत असेल तर डब्यात दोन दशम्या आणि चटणी टाका, सातव्या इनिंगला माणूस दुवा देईल. आत रोख पैसे चालत नाहीत, त्याला आधी सांगा, नाहीतर तो डॉलरच्या नोटा काढून उभा राहील.

साऊथसाइड_सदू

माझं कोणी ऐकणार नाही माहितीये पण रेड लाइनने उलट्या दिशेला जा की राव. सॉक्स-35th ला उतरा, आमच्या व्हाइट सॉक्सचं रेट फील्ड समोरच आहे, तिकीट सहसा स्वस्त, खांब नाहीत, पाय पसरून बसा. आणि 2005 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, आम्हीही जिंकलोय, ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

डगआऊटवाला

सदूभाऊ, 2024 ला तुम्ही 121 मॅच हरलात ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे 😄 पाहुण्याला कुठे नेताय.

साऊथसाइड_सदू

म्हणून तर पाय पसरायला जागा आहे.

मिशिगन_काठचा

सदूचं सोडा. बळंच_आलेली ताईंचं बरोबर आहे पण क्रिकेटवाल्याला दोनचार गोष्टी ट्रेनमध्येच सांगितल्या नाहीत तर तो तिथे भांडत बसेल, माझ्याबरोबर आलेले सगळे क्रिकेटवाले त्याच त्याच जागी अडकतात.

पहिली म्हणजे बॉल पुढे मैदानात गेला की पळावंच लागतं, क्रिकेटसारखं डिफेन्स करून उभं राहता येत नाही. दुसरी, फाऊल (रेषेबाहेर मारलेले बॉल) पहिले दोन स्ट्राइक होईपर्यंत मोजतात, पण तिसरा स्ट्राइक नुसत्या फाऊलवर धरत नाहीत (बंट, म्हणजे बॅट नुसती लावणं, सोडून), म्हणून चांगला बॅटर नको असलेले बॉल फाऊल करत करत पिचरला दमवतो, आणि हे एकदा कळलं की "नुसतं चुकतंय मारायला" असं जे वाटतं ते जातं. तिसरी गोष्ट त्या फुलटॉसवाल्या मतासाठी. दहा वेळात तीनदा हिट मारणारा इथे भारी बॅटर समजला जातो, .300 म्हणजे तेच, म्हणजे सातदा फसणारा माणूस स्टार. असं का, तर पिचरच्या हातापासून प्लेट (बॅटरची जागा) साडेअठरा मीटरच्याही आत आणि बॉल ताशी दीडशे किलोमीटरच्या वर, टप्पा नाही हे खरं पण बॅट गोल आहे, सपाट नाही. बुमराहचा यॉर्कर पण टप्पा न पडताच येतो की, त्याला कोणी सोपा म्हणत नाही. एवढं बोला आणि गप्प बसा.

आता रिग्लीत काय बघायचं ते. गेल्या गेल्या सेंटर फील्डवरच्या स्कोअरबोर्डकडे बघा, 1937 चा आहे, आत माणसं बसून हाताने आकडे बदलतात अजून. त्याच्यावर जे झेंडे आहेत ते नॅशनल लीगच्या (कब्स ज्यात खेळतात ती) टीम्सचे, प्रत्येक डिव्हिजनमध्ये जो पुढे त्याचा झेंडा वर, म्हणजे पॉइंट टेबलच दोरीला बांधलंय. आणि झेंडे कुठे फडफडतायत ते बघा. मिशिगन तळ्यावरून वारा आत येत असेल तर उंच मारलेले बॉल भिंतीपाशी मरतात, वारा बाहेर जात असेल तर त्या दिवशी स्कोअर काहीही होऊ शकतो. मी मित्रांशी पैज याच्यावरच लावतो.

भिंतीवरचा वेल पण 1937 मध्येच लावलेला. बॉल त्या पानांत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात, पण त्याने हात आत घालून शोधायला सुरुवात केली तर खेळ चालूच. हे घडेल तेव्हा मित्राला ढोसा, असला नियम त्याला नक्की आवडेल. एप्रिलमध्ये येत असेल तर मात्र पानं नसतात, नुसत्या विटा, आणि तेव्हा थंडीही बेकार असते, जॅकेट न्या.

दुपारची मॅच आहे हे फार छान आहे बरं का. इथे 1988 च्या ऑगस्टपर्यंत फ्लडलाइटच नव्हते, रात्रीची मॅच व्हायचीच नाही, त्यामुळे रिग्ली खरं बघायचं तर उन्हातच.

बळंच_आलेली

हो आणि दुसऱ्या टीमचा होम रन ब्लीचर्समध्ये पडला की लोक "फेका परत" म्हणून ओरडतात आणि पकडणारा बॉल खरंच मैदानात परत फेकतो. मला वाटलं होतं हा वेडा आहे. सांगून ठेवा मित्राला, नाहीतर तो म्हणेल फुकटचा मिळालेला बॉल फेकतात कसले!

कब्सवेडा_नेपरव्हिल

वा, धन्यवाद लोकहो. व्हिडिओ रद्द, बोट रद्द, नेव्ही पिअर रद्द (त्याच्या बायकोला बीनचा फोटो पाठवला की झालं). बळंच_आलेली, स्कोअरकार्डची आयडिया एक नंबर, मलाच सुचायला हवी होती. त्याला 2016 ला कब्स वर्ल्ड सिरीज जिंकले त्याबद्दल किती सांगू मात्र? 1908 च्या विजेतेपदानंतर 108 वर्षं थांबलेले लोक, क्लीव्हलँडला सातवी मॅच, नऊ इनिंगनंतर बरोबरी आणि त्यात पाऊस, दहाव्या इनिंगला 8-7... मला यातलं काहीच गाळता येत नाही आणि एकदा सुरू झालो की मी थांबत नाही.

आणि दोन प्रश्न राहिले. मॅच संपल्यावर ॲडिसनची गर्दी, आणि पाऊस आला तर काय, त्याच्याकडे दुसरा दिवस नाहीये.

डगआऊटवाला

2016 चं स्टेडियमच्या बाहेर सांगा, विटांच्या भिंतीपाशी उभं राहून. त्या वर्षी लोकांनी त्याच भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या आजोबा-वडिलांची नावं लिहिली होती, ज्यांना कब्स जिंकलेले बघायला मिळाले नाहीत. एवढं एक सांगितलं तर बाकीचा स्कोअर नाही सांगितला तरी चालेल.

गर्दीचं सोपं आहे, ॲडिसनला चढूच नका. दक्षिणेला चालत बेलमाँटला जा, पंधरा-वीस मिनिटं, तिथे रेड आणि ब्राऊन दोन्ही मिळतात. पण तुम्हाला डेव्हॉनला जायचंय म्हणजे उत्तरेला, तर शेरिडनला चालत जा आणि तिथून रेड लाइनने लोयोला, पुढे डेव्हॉनची 155 नंबरची बस. निघायची घाई करू नका, पिच क्लॉक (पिचरला बॉल टाकायला ठरलेला वेळ) आल्यापासून मॅच साधारण अडीच-पावणेतीन तासांत संपते, म्हणजे चार-सव्वाचार. जिंकले तर स्कोअरबोर्डवर W चा पांढरा झेंडा चढतो तो बघून मगच बाहेर पडा.

मिशिगन_काठचा

पावसाचं, थोडा आला तर ताडपत्री टाकून थांबतात, कधी कधी तासन् तास, तेवढ्यात डबा खाऊन घ्या. पाच इनिंग झालेल्या असल्या (कब्स पुढे असतील तर साडेचार) आणि पुढे खेळणं जमलं नाही तर तिथेच निकाल. त्याच्या आत थांबवावी लागली तर मॅच तिथूनच पुढे नंतर कधीतरी खेळतात, तेव्हा तुमचा मित्र भारतात असणार, त्याला इलाज नाही. 2024 ला बोस्टनला जूनमधली अशीच मॅच थांबली, टोरंटोचा डॅनी जॅन्सन तेव्हा बॅटिंग करत होता, मधल्या काळात त्याला बोस्टनने घेतलं आणि ऑगस्टमध्ये तीच मॅच पुढे सुरू झाली तेव्हा तो बोस्टनकडून कॅचर, म्हणजे एकाच मॅचमध्ये दोन्ही टीमकडून. तुमचा रणजीवाला खूश होईल हे ऐकून.

शुक्रवारी सकाळी निघायच्या आधी रडार बघा, फोन पूर्ण चार्ज करा, तिकिटं ॲपमध्येच असतात, आणि त्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा म्हणजे गेटवर दोघं एका फोनवर अडकणार नाही.