प्रति: चुका तिथल्या तिथे सुधाराव्यात का?

भाषेच्या क्लासमध्ये बोलताना होणारी प्रत्येक चूक शिक्षकाने लगेच सुधारावी, हे वरचं मत मला अर्धंच पटलं. २० जणांच्या तासाभराच्या बॅचमध्ये एकेकाला बोलायला उभं केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात ३ मिनिटं, तीही सरांनी मध्ये तोंड घातलं नाही तर! जोड्या लावल्या की एका वेळी निम्मे जण बोलतात, म्हणून तीच ३० होतात.

न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी लोकप्रिय केलेली ४-३-२ पद्धत दादरच्या आमच्या संध्याकाळच्या बॅचला वापरतो. विषय एकच, समजा मेगाब्लॉकच्या रविवारी कल्याणहून कसे आलात. आधी ४ मिनिटं, मग नव्या जोडीदाराला ३, तिसऱ्याला २. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. तिसऱ्या फेरीत अडखळणं बरंच कमी होतं. गलका होतो, शेजारचा गणिताचा क्लास कुरकुरतो. चुका मी टिपून ठेवतो आणि फेऱ्या संपल्यावर नाव न घेता फळ्यावर लिहितो.