वाचनकट्ट्यासाठी ‘द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिक्री’ : चर्चा कशी घ्यावी?

कट्टेकरी
पुढच्या महिन्यात आमच्या बारा जणांच्या कट्ट्यावर गॅब्रिएल झेविन यांची ही कादंबरी (२०१४) आहे. बायको अपघातात गेलेला तिरसट पुस्तकविक्रेता ए. जे., अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सजवळचं अ‍ॅलिस बेट, दुकानात कुणीतरी सोडून गेलेली दोन वर्षांची माया. वेळ दीड तास. प्रश्न तीन. प्रत्येक प्रकरणाआधी एकेका लघुकथेवर टिपण आहे, त्या कथाही वाचायच्या का? ‘टॅमरलेन’ नावाचं पुस्तक खरंच आहे का? आणि ‘गोड आहे हो’ याच्या पुढे चर्चा कशी न्यायची? शेवट फोडू नका, निम्म्यांचं वाचून व्हायचंय.

पानखूण
तेरा प्रकरणं, तेरा कथा. सगळ्या वाचायला बसलात तर कादंबरी बाजूलाच राहील. एकच घ्या : ब्रेट हार्टची ‘द लक ऑफ रोअरिंग कॅम्प’ (१८६८). खाणीवरचे राकट गडी आई गेलेलं तान्हं बाळ सांभाळतात. टिपणात ए. जे. सांगतो, कॉलेजात ही कथा वाचून तो ढिम्म हलला नव्हता. पुढे तीच वाचताना ढसाढसा रडला. कथा तीच, वाचणारा बदलला. चर्चेची सुरुवात इथूनच करा.

एक घोटाळा नेहमी होतो. टिपणं प्रकरणांच्या डोक्यावर छापलीत म्हणून ती त्याच वेळची वाटतात. ती बरीच नंतरची आहेत आणि मायासाठी लिहिलेली आहेत. म्हणून टिपणातला माणूस मवाळ आणि खालच्या प्रकरणातला खेकसणारा.

रद्दीतलं रत्न
‘टॅमरलेन’ अस्सल आहे. एडगर अ‍ॅलन पोचं पहिलं पुस्तक, बॉस्टन, १८२७, जेमतेम ४० पानांचं. तेव्हा तो अठरा वर्षांचा, आणि पुस्तकावर त्याचं नाव नाही, नुसतं ‘एक बॉस्टनकर’. पन्नासेक प्रती निघाल्या असं मानतात, आज माहीत असलेल्या डझनभर. २००९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एक प्रत ६,६२,५०० डॉलरला गेली. ए. जे.ची म्हातारपणाची पुंजी म्हणजे ही प्रत. ती चोरीला जाते. आता राखण्यासारखं काय उरलं, म्हणून तो दुकानाला कुलूप लावणं सोडतो, आणि म्हणूनच मायाला कुणी आत ठेवून जाऊ शकतं. बरेच जण चोर शोधण्यात अडकतात आणि उघडं दार विसरतात.

गल्ल्यावरून
तिसऱ्या प्रश्नाला गल्ल्याच्या बाजूने भिडा. या कादंबरीत माणसं जोडली जातात ती खरेदी-विक्रीतून, भाषणांतून नाही. हा बाप्या पोरीला नीट सांभाळतोय ना, हे बघायला बेटावरच्या बायका दुकानात येतात. रिकाम्या हाताने परतणं बरं दिसत नाही म्हणून एखादं पुस्तक किंवा मासिक घेतात. मग त्यांना आवडेल असा माल ठेवणं त्याला भाग पडतं. पोलीस अधिकारी लॅम्बियास रहस्यकथांपासून सुरुवात करतो आणि पुढे स्वतःचं वाचनमंडळ चालवतो.

सुरुवातीचा अमीलियाचा प्रसंग मोठ्याने वाचा. ती प्रकाशकाची विक्री प्रतिनिधी, येत्या हंगामाची यादी घेऊन बोटीने आलेली. तिकडे दुकानदार पुस्तक बाजारात यायच्या आधीच प्रती नोंदवतो आणि न खपलेल्या परत पाठवतो. त्यामुळे नको असलेलं पुस्तक घेतलं काय, नाकारलं काय, त्याचं फारसं काही जात नाही. तरी तिच्या यादीतल्या एका विधुर म्हाताऱ्याच्या आठवणींच्या पुस्तकावर तो इतका का उखडतो? अर्धा तास याच प्रश्नाला द्या. ‘त्याला वाईट वाटतं’ एवढ्यावर गाडी अडली तर विचारा, की तिच्या आधीचा प्रतिनिधी वारल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं, ते त्याला का लागलं?

कट्टेकरी
हे झकास. चित्रपट आधी दाखवू का?

पानखूण
नको, शेवट फुटेल. २०२२ चा आहे, ए. जे. झालाय कुणाल नय्यर. पात्राचे वडील भारतीय, हे कादंबरीतही आहे, पण पटकन निसटतं. चर्चेनंतर बघा.