ग्लेझ म्हणजे झिलई का? की पुट, की हात?

आमच्या गावचे रिटायर ड्रॉईंग मास्तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट काढतात, तेलरंगात, एकावर एक पातळ ग्लेझ, म्हणजे खालचं दिसत राहीन असे रंगाचे थर, देत. तालुक्याले प्रदर्शन लागून राह्यलं अन् माहितीचा कागद मलेच लिहा लागते. डिक्शनरीत 'झिलई' भेटली, चालन का?

– नका लिहू बाप्पा! झिलई म्हटलं का लोकाईले बरणीची चकाकी आठवते. इथं चमकायचं कामच नाही, उजेड थरातून आत जाते, खालच्या पांढऱ्या अस्तरावरून परत फिरते अन् येता येता साऱ्या थरांचा रंग घेऊन येते. म्हणून तं निळ्यावर पिवळं ग्लेझ देऊन जो हिरवा दिसते तो पॅलेटवर कालवलेल्या हिरव्यात नाही दिसत.

– मग 'पुट'?

– धुळीचं पुट, काजळीचं पुट, म्हणजे खालचं झाकलं गेलं. लेप, मुलामा, सगळ्यांचं तेच, आपल्याकडे थराचे बहुतेक शब्द झाकणारेच आहेत आणि इथे तर खालचं दिसायला हवं. त्यापेक्षा 'हात' घ्या, घर रंगवणारेही पहिला हात, दुसरा हात म्हणतातच. पुढे 'पारदर्शक' लावा. 'अर्धपारदर्शक' नको, रंगात थोडा पांढरा गेला की तसं धुरकट होतं, ती वेगळी गोष्ट.

– हात बरोबर आहे. अन् दादा, जवसाचं तेल लिहाच, आपण ज्याची चटणी खातो तेच जवस. हे तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, म्हणून एका हातानंतर दुसऱ्यासाठी कित्येक दिवस थांबा लागते, अन् वरच्या हातात तेल खालच्यापेक्षा जास्त पायजे, नाहीतर वरचा आधी वाळून तडकते.

– एक राहिलं, अ‍ॅब्स्ट्रॅक्टला मराठीत 'अमूर्त' लिहायचं तर मास्तरांना विचारूनच लिहा. चित्रकार वासुदेव गायतोंडे, आपल्या नागपुरातच जन्मलेले, १९२४ चे, त्यांना स्वतःच्या कामाला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलेलं पटायचं नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, म्हणायचे. आणि ते रोलर अन् पॅलेट नाइफ (रंगाची पातळ सुरी) वापरायचे, तेव्हा मास्तर कशाने रंग लावतात तेही बघा, उगाच 'कुंचल्याचे फटकारे' छापून येईल.

– मास्तर मऊ ब्रशनं लावतात अन् चिंधीनं पुसून घेतात. मंग असं लिवतो: 'जवसाच्या तेलात पातळ केलेल्या रंगाचे पारदर्शक हात.' अमूर्तचं उद्या विचारतो.